चंद्राबाईंच्या गोठ्यातल्या दोन म्हशी

वाडीतील ज्येष्ठहो, आयाबायांनो, आणि मुंबईहून व महाडहून रजा टाकून आलेल्या मुलांनो,

शाळेच्या याच ओसरीवर मी आयुष्यभर बोलत आलो. आज मात्र उभा राहिलो आणि पहिले वाक्य सापडेना. पण आपण सारे गुरे बांधून, कामे टाकून येथे बसला आहात, तेव्हा बोलणे भाग आहे. शांतपणे बोलता येणार नाही. तेवढे सहन करावे.

चंद्राबाईंना जाऊन आज तेरा दिवस झाले. त्यांच्या स्वभावाविषयी, त्यांच्या हाताच्या चवीविषयी इतरांनी बोलावे. मला कबुली द्यायची आहे.

निराधार वृद्धांना सरकारकडून दरमहा जे अनुदान मिळते, त्यासाठी चंद्राबाईंचा अर्ज मी लिहिला होता. पती नाही, मूल नाही, दोन्ही गुडघे निकामी. शेवटच्या दोन शेळ्या विकलेल्या, गोठा रिकामा. एक पुतण्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर. तो समोर बसला आहे, त्याचेच जेमतेम भागते. ज्याचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे, त्यालाच हे अनुदान मिळते. ते खरोखर आत आहे का, हे पाहायला तलाठी घरी येतात. अर्ज मी चार वेळा लिहून काढला. त्यात एकही खाडाखोड राहू दिली नाही. पुढे पोलादपूरच्या तहसील कचेरीतून निरोप आला, की सोमवारी चौकशी आहे.

आणि मी काय केले? तुम्हाला देवळापुढे जमवले. आठवते ना? मी म्हणालो, "सोमवारी साहेब येणार आहेत. वाडी स्वच्छ दिसली पाहिजे. परक्या माणसापुढे आपले हसे होता कामा नये."

मंडळी, मी शाळामास्तर. तपासणी म्हटली की भिंतींना चुना लावायचा, मुलांना धुतलेले कपडे घालून पुढच्या रांगेत बसवायचे, आणि जे आहे त्याहून बरे दाखवायचे, एवढेच मला ठाऊक. गरिबीची तपासणी वेगळी असते, हे मला सुचले नाही. मला सुचायला हवे होते.

तुम्ही गुरुजींचा शब्द पाळलात. अंगण सारवले. शाळेतल्या खुर्च्या नेल्या. देवळातले स्टीलचे पेले नेले. कोणी भिंतीवर घड्याळ टांगले. कोणी चंद्राबाईंना आपले ठेवणीतले लुगडे नेसवले. आणि रिकामा गोठा बरा दिसत नाही, म्हणून वरच्या आळीतून दोन म्हशी आणून तेथे बांधल्या.

तलाठी धापा टाकत डोंगर चढून आले. भला माणूस. त्यांनी विचारले, "म्हशी कोणाच्या?"

शेजारच्या पार्वतीबाई एका दमात म्हणाल्या, "काकीच्याच की! दुधाला लई चांगल्या हायेत."

"आणि पुतण्या लक्ष देतो का?"

"देतो म्हंजे? कंपनीत हाय त्यो! काकीला काय बी कमी नाय."

चंद्राबाई पदराआड हसत होत्या. म्हणाल्या, "गो पार्वते, येक सांगायचं ऱ्हायलं तुजं. माजी मुंबैला चाळ हाय!"

सारे हसले. तलाठीही हसले. चहा घेतला आणि उठताना म्हणाले, "आजी, असे घर सगळ्यांचे असावे." आणि मी? मी खूश झालो. वर्गाला चांगला शेरा मिळाल्यासारखा खूश झालो.

अर्ज नामंजूर झाला. तलाठ्यांना मी दोष देणार नाही. त्यांनी जे पाहिले, तेच लिहिले. जनावरे आहेत, पुतण्या सांभाळतो, परिस्थिती समाधानकारक. तो कागद मीच चंद्राबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हंजे पास झाले म्हना मी, गुरुजी."

मी म्हणालो, "दुसरा अर्ज करू. खरे ते लिहू."

"नको. सायेब पार्वतीला इचारतील, खोटं का बोल्लीस म्हनून. ती माज्यापायी बोल्ली. उद्या तिचा बी अर्ज जायाचा हाय."

वर्षभर त्यांनी मला कागदाला हात लावू दिला नाही. वर्षभर! त्या वर्षात रक्तदाबाच्या गोळ्या त्या एक दिवसाआड घेत होत्या, हे मला त्या गेल्यानंतर समजले. पुतण्याने विचारले की सांगत, "हायेत अजून." त्यामुळेच त्या गेल्या, असे मी म्हणणार नाही. मी वैद्य नाही. पण तो विचार मला बसू देत नाही, निजू देत नाही, आणि दिलासा द्यायला कोणी आले की मला त्याचा राग येतो.

अखेर मी न विचारताच दुसरा अर्ज लिहिला. त्यात लिहिले, की पहिल्या चौकशीच्या वेळी दिसलेली सुबत्ता माझ्या सूचनेवरून उभी केली होती. दोष माझा आहे, शेजाऱ्यांचा नाही. तो वाचून दाखवला. चंद्राबाई म्हणाल्या, "तुमचं नाव खराब व्हईल, गुरुजी." मी म्हणालो, "होऊ दे." मग त्यांनी अंगठा पुढे केला. त्यानंतर आठव्या दिवशी त्या गेल्या.

परवा निरोप आला. बुधवारी चौकशी आहे. यादीत दोन नावे आहेत. एक चंद्राबाईंचे, एक पार्वतीबाईंचे.

काल पार्वतीबाई माझ्याकडे आल्या. "गुरुजी, चुलीवर निस्ता भात आसताना सायबाला घरात कसं घ्यू? दारात आल्याल्या मानसाला काय उघडं पोट दावायचं?"

या प्रश्नाचे उत्तर तुमच्यापैकी कोणाकडे आहे? जन्मभर जिने कोणापुढे हात पसरला नाही, तिने म्हातारपणी आपली उणीव मांडून दाखवायची, आणि ती पुरेशी आहे की नाही हे दुसऱ्याने ठरवायचे. पार्वतीबाईंना लाज वाटते, यात त्यांचे काय चुकले? नियमाला पुरावा लागतो, हेही मला कळते. दोन्ही कळते, म्हणूनच जीव थाऱ्यावर नाही.

एवढे मात्र मी ठरवले आहे. बुधवारी तलाठ्यांना मी आधी चंद्राबाईंच्या घरी नेईन. गेलेल्या माणसाची चौकशी होत नाही, प्रकरण बंद होते, हे मला ठाऊक आहे. तरीही नेईन. डबे उघडून दाखवीन. गोठा दाखवीन. आणि तेथे उभा राहून सांगेन, "साहेब, मागच्या वेळी आपण पाहिलेत, ते खोटे होते, आणि ते मी करवले होते." त्यानंतर आम्ही पार्वतीबाईंकडे येऊ. पार्वतीबाई, तुम्ही पाणी द्या, गुळाचा खडा द्या, बसायला तुमचेच घोंगडे द्या. शेजारचे काही आणू नका. त्या दिवशी वाडीत पहिला खोटा मी ठरलेला असेन. तुम्हाला खरे बोलायला तेवढीच सोबत.

चंद्राबाई, तुम्हाला माझा नमस्कार. क्षमा मागत नाही. ती तुम्ही लगेच दिली असती.

आता दोन मिनिटे आपण स्तब्ध उभे राहू या. पार्वतीबाई, तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही बसूनच राहा. बाकीच्यांनी कृपया उठावे.