निरोप कुणाचा?

हॅलो?… हॅलो, बाबा? मी मेरिन. लॅबमधूनच बोलतेय… हो, जेवले. तू काही खाल्लंस का, ते आधी सांग… नुसता टोस्ट? बरं, खुर्चीवर बस. उभ्याने नको बोलूस.

अरे, ऐक ना. परवा तू बागेत चक्कर येऊन पडलास… हो, हो, मला माहितीये. तू चोरून जादा इन्सुलिन टोचून घेतलं नव्हतंस. त्यासाठीच फोन केलाय. डॉक्टरीणबाईंनी उगाच तुझ्यावर आळ घेतला.

तुझ्या पोटात त्या दोन कुप्या बसवल्यात ना… त्याच, तांदळाएवढ्या. एक साखर मोजते. वाढली की थोडंसं रसायन सोडते. तो तिचा निरोप. तो पोचला की दुसरी इन्सुलिन सोडते… अगदी बरोबर, पोटात शिरून दुसरं कोण निरोप देणार! आम्हीही हेच म्हणत बसलो. म्हणून निरोप कुणाचा, हे ओळखायची सोयच नीट केली नाही.

मग तू माझ्यासाठी पाठवलेली बाटली तपासली… अरे, जिंजर बिअर! तू घरी आलं आंबवून करतोस ती. तिच्या विरजणातले जंतू हुबेहूब तेच रसायन बनवतात. तुझी साखर वाढलीच नव्हती, बाबा. दुसरी कुपी फसली आणि उगाच इन्सुलिन सोडत राहिली.

चाचणीच्या फॉर्मवर?… हो, 'बिअर पिता का' एवढंच विचारलं होतं. आणि तू 'नाही' लिहिलंस. चुकलं काय तुझं? आपल्या बर्नी गावात जिंजर बिअरला बिअर कोण म्हणतं? मी त्याच गावची, मलाही सुचलं नाही. लाज वाटते रे.

काय?… पिऊ नकोस, एवढंच. पण तू सगळं मोरीत ओतलंस तरी कुपी तशीच भोळी राहणार ना. आणखी अकरा जणांच्या पोटात ह्याच आहेत. कोण घरी काय आंबवतंय, आपल्याला काय ठाऊक…

हो. काढाव्या लागतील. मंगळवारी… हो, परत सुया… माहितीये रे. सुया सुटल्या आणि चार महिने रोज समुद्रात पोहलास. तुझा फोटो बघून मी रडले होते.

नाही, बाबा… गप्प कशी बसू?… नको ना, असं मागू नकोस माझ्याकडे.

ऐक. मी चाचणीच्या समितीला कळवलंय… आत्ता नाही, सकाळीच. तुला फोन करायच्या आधी… कारण आधी तुझ्याशी बोलले असते, तर माझ्याच्यानं कळवणं झालं नसतं.

बाबा?… हॅलो?