तीनकोनी पिस्टनचं तेल

...नाही, पण बावीस वर्षं इमानदारीनं लुना आणि राजदूत दुरुस्त केल्या, कुणाच्या चांगल्या कार्बोरेटरला कधी उगाच हात लावला नाही, त्या माणसाच्या वाट्याला शेवटी काय यावं? विमान? तुम्हाला सांगतो, धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या पंडित मिस्त्रीची तक्रार ही एवढीच होती, आणि ती तो दुकानात येईल त्याला ऐकवत सुटला होता. गिऱ्हाईक म्हणतंय, मिस्त्री, माझा प्लग तेवढा बघा, आणि मिस्त्री हातातला पान्हा त्याच्याच नाकासमोर नाचवत म्हणतोय, "प्लग ऱ्हाऊ दे भो! मले एक सांग. गाडी बंद पडनी तं मानूस खाले उतरस, ढकलत घर लई जास. इमान बंद पडनं तं उतरानं कोठे?"

आता याला गिऱ्हाईक काय सांगणार? ते बिचारं ढकलतच आलेलं असायचं.

झालं होतं असं, की एकोणनव्वद साली रूपचंद शेठच्या डोक्यात विमान शिरलं. शेठ केळीचे व्यापारी, चोपडा-यावलच्या निम्म्या बागा त्यांच्या शब्दावर तुटायच्या, आणि त्या वर्षी केळीवर करपा असा आला की पंप पाठीवर घेऊन फवारणारे गडी थकले पण करपा थकेना. शेठचा पुतण्या रतिलाल, बाहेरगावी राहून विमान चालवायला शिकलेला, तो म्हणाला, "काका, वरून फवारू! एका तासात शंभर एकर!" झालं. परदेशातून खोकं आलं, खोक्यातून पाइप निघाले, कापड निघालं, चाकं निघाली... पंडितनं ते सगळं जोडलेलं पाहिलं तेव्हा म्हणे, पंखा लावलेली बाज दिसते ही. दोन माणसांची बैठक, आणि पाठीमागे इंजिन. इंजिन कसलं, तर रोटरी! त्यात पिस्टन वरखाली होतच नाही. तो गोल गोल फिरतो. आणि तो असतो तीनकोनी!

पंडितला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग रतिलालचं तोंड बघून स्टुलावर बसला. बावीस वर्षांत हजारो पिस्टन त्याच्या हातून गेले, सगळे गोल. तीनकोनी पिस्टन? म्हणजे उद्या चौकोनी चाक घेऊन याल!

"तसं नाही मिस्त्री," रतिलाल समजावतोय, "या तीन टोकांना तीन बारीक पट्ट्या आहेत, त्या भिंतीला घासत फिरतात. त्यांना तेल मिळायला हवं, म्हणून आपल्या टू-स्ट्रोकसारखंच पेट्रोलमध्ये आधी तेल कालवायचं. पण पुस्तकात जे तेल लिहिलंय ना, ते आपल्याकडे मिळत नाही. धुळे-जळगावात तेल मिसळण्यात तुमच्यासारखा माणूस नाही. तेल तुम्ही ठरवा!"

इथवर ठीक होतं. स्तुती कुणाला आवडत नाही? मिस्त्रीनं मान डोलावली. आणि तेवढ्यात ते पोरगं, काही वाईट मनात नसताना, म्हणालं, "आणि तुमची रीत मला माहीत आहे. पहिली ट्रायल मिस्त्रीची! माझ्या शेजारी तुम्हीच बसायचं!" सोबत आलेल्या शेठनं लगेच पेढा हातावर ठेवला. पेढा हातावर आल्यावर नाही म्हणतो कोण?

आता ही रीत काय ते तुम्हाला सांगतो. पंडित मिस्त्रीनं गाडी दुरुस्त केली की पहिली चक्कर त्याची. मालकाची नाही. आणि चक्कर म्हणजे कोपऱ्यापर्यंत नाही हं... त्याची सासुरवाडी भडगावला, तिथवर! गिऱ्हाइकाच्या पेट्रोलवर सासऱ्याला भेटून, शेवभाजी हाणून संध्याकाळी परत, आणि वर तोंड करून मालकाला म्हणणार, "ज्यानी खोलं त्यानीच आधी बसानं. आते तू बिनधास्त जाय." आग्रा रोडवरचं शेंबडं पोरही ही रीत जाणत होतं. बावीस वर्षं तिच्यावरच तर दुकान चाललं होतं! आणि हा रीत पाळणारा बहाद्दर, खरं सांगायचं तर, उंचीला असा घाबरायचा की दिवाळीचा आकाशकंदील त्याची बायको पुष्पाबाई शिडीवर चढून लावायची, आणि हा खाली शिडी धरून डोळे मिटायचा. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. आता नाही म्हणावं तर बावीस वर्षांची इज्जत जाते. हो म्हणावं आणि तेल चुकलं... तर उतरानं कोठे?

म्हणून त्यानं तेल शोधायला घेतलं, ते जीव खाऊन. त्याचाच जीव होता तो!

आणि तेल म्हटल्यावर सल्ला द्यायला काय तोटा? गावाबाहेरच्या धावपट्टीवरचा राखणदार उखर्डूआबा, पूर्वी पलटणीत फिटर होता, तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "एरंडेल टाक! जुना इमानं एरंडेलवरच उडेत. त्याना धूर पायलटच्या पोटमा जाये, अन् खाले उतरताच तो पयत सुटे!" कुणी म्हणालं पंपावरचं सुटं तेल काय वाईट आहे, सगळ्या लुना त्याच्यावरच तर फिरतात. ट्रकवाला म्हणाला, भाऊ, ट्रकच्या इंजिनात ओततो तेच काळं जाड तेल ओता, लोखंडाला लोखंडाचं तेल लागतं. आणि रतिलालनं मुंबईहून एक निळ्या तेलाचा डबा आणला, तो मोटरबोटीच्या तेलाचा. बोटीचं! पाण्यावरचं तेल हवेत?

पंडितनं काय केलं? पुष्पाबाईच्या फडताळातून स्टीलच्या चार वाट्या उचलल्या, चार तेलं ओतली, आणि अंगणात खालून स्टोव्ह लावून एकेक वाटी जाळून काढली. कारण पुस्तकात एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती, की जळाल्यावर राख सोडेल ते तेल या इंजिनाला चालणार नाही. राख पट्ट्यांत अडकते, पट्टी अडकली की दाब जातो, दाब गेला की... पुढचं तुम्हाला पाठ झालंच असेल. ट्रकच्या तेलानं वाटीत काळी राख ठेवली. एरंडेलानं डिंक ठेवला, असा चिवट की वाटी पुढे कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. पंपावरच्या तेलानं करडी पापडी सोडली. आणि निळं तेल? जळालं, गेलं, वाटी जवळजवळ कोरी!

पुष्पाबाई जळक्या वाट्या उचलत म्हणाली, "मन्या वाट्या बाळी टाक्यात!" आणि पंडित त्या चौथ्या वाटीकडे बघत बसलेला. मग हळूच म्हणतो कसा, "बोटवाला बी अर्धी वाटमा उतरू शकत नही. त्याले बी पानी शे खाले. म्हंजे हाई तेल इस्वासनं शे." तुम्ही हसा हवं तर. पण तेल निवडायला याहून चांगली कसोटी मला तरी कुणी सांगितलेली नाही.

तेल ठरलं. प्रमाण पुस्तकातलं, पन्नासाला एक. वीस लिटरचा कॅन, चारशे मिली तेल. पंडितनं औषधाच्या मापानं मोजून ओतलं, कॅन हलवला, आणि शनिवारी सकाळी धावपट्टीवर ही गर्दी! केळीवाले, कापूसवाले, पुष्पाबाई, भडगावहून सासरा सुद्धा. पंडित कपाळाला कुंकू लावून त्या बाजेवर चढला, पट्टा बांधला. रतिलालनं इंजिन सुरू केलं...

आणि धूर! अहो, धूर म्हणजे काय, शेठ दिसेना, सासरा दिसेना, धावपट्टी दिसेना! विमान पन्नास पावलं गेलं, खोकलं, आणखी खोकलं, आणि बाजूच्या बाजरीत जाऊन गप्प बसलं. प्लग काढले तर तेलात भिजलेले, तळणीतून काढलेल्या भज्यांसारखे. पंडित कॅनकडे बघतो, मापाकडे बघतो, म्हणतो, "मी तं मोजीसन टाकेल व्हतं!" मग खाली बघत, "...अन् वरतून एक माप. सवय शे ना भो. सगळासलेच टाकस मी, वरतून एक."

तेव्हा उखर्डूआबा खाकरला. "मी बी दोन टाकात. तू बठनार व्हता म्हनीसन."

रूपचंद शेठनं टोपी सारखी केली. "पंडितभाऊ, आपल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न... तेलात कसली काटकसर करायची? मीसुद्धा थोडं ओतलं बघा."

आणि सगळ्यांनी पुष्पाबाईकडे पाहिलं, कारण रात्रभर कॅन तिच्याच ओट्यावर होता. ती पदर सावरत म्हणाली, "तांब्याभर. मना मानूस बठाव शे त्यामा! कोरडं कोरडं कसं धाडू?"

आता सांगा, रागवायचं कुणावर? भाजीवर बोटभर तर्री तरंगल्याशिवाय ज्यांना जेवल्यासारखं वाटत नाही, त्या मुलखात पन्नासाला एक हे प्रमाण टिकणार कसं? मायेनं विमान पाडायची वेळ आली होती, ते उडालं नाही म्हणून वाचलं! पंडितला क्षणभर वाटलं, सुटलो. पण रतिलाल प्लग पुसत म्हणाला, "काही बिघडलं नाही मिस्त्री, उद्या परत!"

या खेपेला पंडितनं कॅनला कुलूप घातलं. रविवारी पुन्हा ती गर्दी, पुन्हा कुंकू, पुन्हा पट्टा. इंजिन सुरू झालं आणि धूर नावाला नाही... आणि तुम्हाला सांगतो, ते विमान उडालं! बाजरीवरून, कापसावरून, पार धुळ्यावरून एक फेरी, आणि अकरा मिनिटांनी खाली. आणि पंडित मिस्त्री स्वतःच्या पायांवर उतरला! शेठनं हार घातला, सासऱ्यानं मिठी मारली, लोक विचारतायत, मिस्त्री, वरून कसं दिसतं धुळं? हा म्हणतोय, लई भारी. पांझरा कशी दिसली? लई भारी. देवळाचा कळस? लई भारी.

खरं काय ते सांगू? पट्टा बांधल्यापासून उतरेपर्यंत त्यानं डोळे उघडलेच नव्हते. अकरा मिनिटं तो फक्त पाठीमागचं इंजिन ऐकत होता. सगळं गाव मान वर करून विमान बघतंय, आणि विमानातला माणूस डोळे मिटून बसलाय!

घरी आला. पुष्पाबाई आज धावपट्टीवर आलीच नव्हती, आपली उंबऱ्यात उभी. तिच्यापाशी तरी कबूल करावं की नाही? पण हाराचा वास डोक्यात गेलेला. म्हणाला, "पुष्पे, तू गच्चीवर उभी व्हती ना? वरतून दिसनी मले. हात हालवत व्हती."

पुष्पाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग आत वळता वळता म्हणाली, "मी तं देवघरमा बठेल व्हती. डोया मिटीसन."