हुडकेश्वरच्या प्लॉटवरील नाव आतून न उघडल्याबाबत

नाव चंद्रभान देवराव गजभिये, वय ५३ वर्षे, धंदा मोटर रिवाइंडिंग, शिक्षण दहावी, राहणार हुडकेश्वर, नागपूर.

मी ठाण्यात स्वतः हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की, घरालगतच्या प्लॉटवर मी शिडाची नाव बांधली आहे. लांबी सव्वीस फूट. पुस्तके वाचून एकट्याने बांधली, कोणी शिकवले नाही. ती समुद्रात नेऊन तिच्यातच राहायचे ठरले होते, म्हणून झोपायच्या जागा दोन आहेत. सवय व्हावी म्हणून मी आताही तिच्यातच जेवतो, झोपतो. पत्नी प्रेमिला सध्या मनीषनगरला भावाकडे राहते.

नावेतले सामान मी पारखून घेतले आहे. खिडक्या जाड काचेच्या, न उघडणाऱ्या आहेत. उघडणारी खिडकी वादळात दगा देते. मोबाइल नावेत नेत नाही. वॉकीटॉकीचे दोन संच घेतले, एक पत्नीस दिला. फोनवर आमचे भांडण होते. वॉकीटॉकीवर एका वेळी एकालाच बोलता येते. दुकानदार म्हणाला होता, एवढ्या दूर आवाज जाणार नाही. मी डोलकाठीवर चढून रोज संध्याकाळी सहाला बोलतो: वारा कुठला, आज काय बसवले. उत्तर कधी आले नाही. तिचा संच बंद असावा असे मी धरून चाललो होतो.

काल रविवारी दुपारी वरच्या सरकत्या झाकणाला नवीन रबर बसवला. पाणी गळते का पाहण्यासाठी वर पाईप सोडून मी आत बसलो व झाकण लावले. एक थेंब आत आला नाही. नंतर झाकण सरकेना. अवजारे बाहेर होती, वॉकीटॉकी डोलकाठीला टांगलेली होती. मी ओरडलो. नावेला आतून थर्मोकोल लावले असल्याने आवाज बाहेर जात नाही, तसेच बाहेरचा आत येत नाही. सहा वाजून गेले.

अंधार पडताना हवालदार रुपराव यांनी सब्बलने झाकण तोडले. सोबत पत्नी होती. तिनेच ठाण्यात येऊन कळवल्याचे समजले. हवालदार म्हणाले, "काका, जहाजात बसून निंघाले कुठं होते?" पत्नी हसली नाही. म्हणाली, "काल रबर आणल्याचं सांगतलं होतं तुम्ही. आज सहाले काहून नाही बोलले?"

मी म्हणालो, "तुले ऐकू येते?"

"रोजच येते. दोन बिछाने केले, खिडकी एकही उघडत नाही. असं कोणी बांधते का, अहो?"

पाईप बंद करून ती आली होती त्याच ऑटोने परत गेली.

मी स्वतःला मुद्दाम कोंडून घेतले नव्हते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार नव्हता. झाकण तोडल्याबाबत तक्रार नाही; नवीन करताना बाहेरूनही उघडेल असे करीन. खिडकीही एक बदलीन. आज सहाच्या आत मला सोडावे, ही विनंती.

लिहिलेले मला वाचून दाखवले. पत्नी भावाकडे राहते या ठिकाणी 'सध्या' राहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून घातले. आता जबाब बरोबर आहे.