दार अडवणारे पप्पा

साकीनाक्याच्या बसस्टॉपवर मृणालिनीताई घाईत होत्या. रांगेत त्यांच्या पुढे एक मुलगी आणि तिचे वडील, अंगात वॉचमनचा युनिफॉर्म, हातात पेढ्यांचा पुडा.

“पप्पा, इंटरव्ह्यूत त्यांनी पहिलं हेच विचारलं, आमच्याकडेच का यायचंय?”

“मग गं?”

“मग काय, मला तुम्हीच दिसलात! महिनाभर रोज घराचं दार अडवायचात. कुठून आलात, कोणाकडे जायचंय, काय काम आहे?”

“मला दुसरे प्रश्न कुठे येतात? गेटवर तेच विचारतो.”

“मान खाली घातली की परत जिना उतरायला लावायचात. हातात भाजीची पिशवी असली तरी!”

“तुझी मम्मी काय चिडायची!”

“पण आज पाच जण समोर होते, तरी जीभ अडखळली नाही. नोकरी तुमच्यामुळे लागली, पप्पा.”

“चल, चल. बस आली.”

मुलगी आधी चढली आणि वळून दारातच हात आडवा करून उभी राहिली.

“कोणाकडे जायचंय, सर? काय काम आहे?”

मागून कोणीतरी ओरडलं. मृणालिनीताई मात्र थांबल्या.

“मुलीकडे,” मान वर करून ते म्हणाले. “पेढे द्यायचेत.”