तेलातली भजी

तुम्ही जाहिरातीचं काढलंत म्हणून सांगतो. युद्धाच्या दिवसांत मी हमरस्त्यावरच्या चौक गावात दुकानांच्या पाट्या रंगवायचो. जो तो म्हणे, 'शुद्ध तुपातले' लिही. भजीवाल्या सोनामावशीलाही मी तेच लिहू का विचारलं, तर ती उसळलीच. "माझ्या घरात तूप बघितलंस कधी? लिही, तेलातली भजी!"

समोरचा हॉटेलवाला हसला. "सोनाबाई, अशानं गिऱ्हाईक यायचं नाय."

"नाय आलं तर नाय! पाटी माझी हाय."

लॉरीवाले पाटी वाचून हसायचे आणि तिच्याकडंच थांबायचे. शेवटी हॉटेलवाल्यानं मला बोलावून स्वतःच्या पाटीवरच्या 'शुद्ध'चं 'खरोखर शुद्ध' करायला सांगितलं. मी शिडीवर चढलो, तशी मावशी समोरून ओरडली, "डबा पुरंल ना रं? खोट्याला रंग जास्त लागतो!"