इस्त्रीपुरता प्लग

दातांच्या दवाखान्यात शेजारी सासू-सून बसल्या होत्या. मोबाइल बघता बघता सून एकदम ताठ झाली.

“आई, माझ्या टेबलावरचा प्लग काढला होतात?”

“इस्त्रीपुरता गं. लगेच लावला परत.”

“अहो, त्यावर आम्ही औषधाच्या पंपाची ऑपरेटिंग सिस्टीम तपासत होतो! थेंब वेळेवरच पडला पाहिजे. न थांबता नऊ दिवस चालली होती, उद्या सगळ्या जगाला मोफत द्यायची होती.”

“अगंबाई! बुडवलं का मी?”

“थांबा... वीज येताच सिस्टीम आपणहून उठलीय. थेंबांचा ठेकाही अचूक धरलाय!”

“देव पावला गं बाई.”

“वीज तोडून बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तपासणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव घालते.”

“यादी जगभर दिसते?”

“हो.”

“मग प्लगचं नको लिहूस. ‘सासूबाईंनी जातीनं लक्ष घातलं’ असं लिही.”