महालक्ष्म्या उठेपर्यंत

त्या पोळ्याला आभाळ भरून आलं होतं, पण थेंब न्हाई, नुसतं उकडत होतं. ढोल वाजला, बैल उधळला अन् कासऱ्यात माझं उजव्या हाताचं बोट सापडलं. मोडलं न्हाई, फक्त मिटंना. मी सुनेला म्हणलो, "आता गणपतीत घरात महालक्ष्म्या बसायच्या. त्या उठल्या की दवाखान्यात जाऊ."

दहा दिवसांनी महालक्ष्म्या उठल्या, मग नांदेडला गेलो. डॉक्टर म्हणाले, "बाबा, बोट मिटवणारी शीर हाडापासून उपटून तळहातात गेली. लगेच आला असता तर शिवली असती. आता ती आखडली."

"दूध काढायला मूठ वळंल का?"

"पहिल्यासारखी नाही."

आमची गाय माझ्याबिगर कोणालाच कासेला हात लावू देत न्हाई. बोट दुखावल्यापासून कशीबशी थोडी धार काढायचो, बाकीचं वासरू प्यायचं. घरी येऊन तिच्यापाशी बसलो, पण आता तेवढीबी धार निघंना. शेजारचा किसन आला. माझ्या हातातली बादली घेऊन म्हणाला, "दादा, उठा आता. आजपासून सगळं वासरालाच पिऊ द्या."